दोनच फ्री थ्रो

स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर शाळेची इमारत आली नाही; आला तो बास्केटबॉलच्या मैदानाचा डावीकडचा बोर्ड. त्याची रिंग किंचित पुढे झुकलेली होती आणि ती सरळ करून घ्या, असे आम्ही कितीदा म्हटले तरी सर ऐकत नसत, कारण परक्या मैदानावरची रिंग आपल्या सोयीची नसते, असे त्यांचे म्हणणे होते. दुरुस्तीला पैसे नसत, हेही एक कारण असावे.

पाचवीत सरावाला गेलो तेव्हा मोठ्या मुलांचा 7 क्रमांकाचा चेंडू आम्हाला हातात धरायलाही मिळाला नाही. लहान मुलांसाठी 5 क्रमांकाचा चेंडू आणि 3.05 मीटरऐवजी 2.60 मीटर उंचीवर रिंग, ही मिनी बास्केटबॉलची रीत. ठेंगणी रिंग शाळेकडे नव्हती, म्हणून सरांनी भिंतीवर खडूने वर्तुळ काढून दिले. जड चेंडू उंच रिंगपर्यंत पोहोचवण्यासाठी मूल तो कमरेपासून ढकलते, कोपर बाहेर फाकते आणि ही खोड एकदा अंगात मुरली की पुढे निघता निघत नाही, हे त्यांना ठाऊक होते. आम्हाला मात्र वर्षभर तो निव्वळ अपमान वाटला.

ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेताना, ते समोर उभे राहून बोटे दाखवत आणि किती, ते आम्ही ओरडून सांगायचे. चेंडूकडे पाहणाऱ्याला आकडा चुकल्याशिवाय राहत नसे. उजवा हात पाठीमागे धरून नुसत्या डाव्या हाताने मैदान ओलांडण्याचा आठवडाही असे आणि तो सर्वांनाच नकोसा होता.

सातवीत माझा शॉट सपाट जाई. सरांनी मला फळ्याजवळ नेले. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर, चेंडूचा सुमारे 24. पण 30 अंशांच्या कोनात येणाऱ्या चेंडूपुढे रिंगची रुंदी जेमतेम 22.5 सेंटिमीटर उरते, म्हणजे तो कडेला न लागता आत जाऊच शकत नाही, आणि 45 अंशांत आला तर तीच रुंदी जवळजवळ 32 होते. भूमितीचा उपयोग मला शाळेत एकदाच पटला, तो त्या दिवशी.

पण मी लिहायला बसलो ते आठवीतल्या आंतरशालेय सामन्यासाठी. शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणाने मागे होतो आणि मला दोन फ्री थ्रो, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून कोणी न अडवता रिंगमध्ये टाकायचे चेंडू, मिळाले. रोज सरावात ओळीने पन्नास टाकणारा मी, दोन्ही चुकलो. सर मला रागावले नाहीत आणि धीराचे शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सराव मात्र बदलला. सामन्यात कोणी ओळीने पन्नास फ्री थ्रो टाकत नाही. धाप लागलेली असताना, पाय जड झालेले असताना बहुतेक वेळा दोनच मिळतात. म्हणून मैदानाच्या चार फेऱ्या पळायचे, लगेच रेषेवर यायचे, दोनच टाकायचे, पुन्हा पळायचे, आणि दर जोडीचा हिशेब सर एका वहीत मांडायचे. पंचांनी चेंडू हाती दिल्यावर पाच सेकंद असतात. त्यांत करायच्या गोष्टीही सरांनी ठरवून दिल्या: चेंडूचे तीन टप्पे, एक पूर्ण उच्छ्वास, नजर रिंगच्या मागच्या कडेवर. पहिला चुकला तरी दुसऱ्यासाठी हाच क्रम, तसूभर फरक न करता. चेहरा पाडायचा नाही, बाकाकडे बघायचे नाही. मन खंबीर करा, असे ते कधी म्हणाल्याचे मला आठवत नाही. त्या पाच सेकंदांत काय करायचे, एवढेच सांगत.

पहिल्या महिन्यात वहीतले माझे आकडे लाजिरवाणे होते, ओळीने पन्नास टाकण्याच्या दिवसांपेक्षाही वाईट. पुढे ते हळूहळू सुधारले.

नववीत पुन्हा तसाच प्रसंग आला. पहिला रिंगच्या पुढच्या कडेला लागून बाहेर पडला. प्रतिस्पर्धी मुलांचा गलका झाला. मी तीन टप्पे मारले, श्वास सोडला, मागच्या कडेकडे पाहिले आणि दुसरा टाकला; तो जाळीतून सरळ खाली आला. सामना आम्ही तरीही हरलो. परतताना बसमध्ये सरांनी वही उघडली आणि माझ्या नावापुढे लिहिले: 2 पैकी 1.