30 सेकंदांची जाहिरात

आज मीडिया प्रोजेक्टच्या जाहिरातीचं शूट पार पडलं! 30 सेकंद म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने 750 चित्रं. सगळ्यात जास्त वेळ आम्ही स्टोरीबोर्डला (प्रत्येक शॉटचं आधीच कागदावर काढलेलं चित्र) दिला आणि तो द्यायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. कुठे क्लोज-अप, कुठे कॅमेरा स्थिर, हे कागदावर ठरलेलं होतं, त्यामुळे सेटवर कुणी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलं नाही. मोबाइलसाठी 9:16 ची उभी फ्रेम वेगळी आखली. आडवं शूट करून नंतर कापलं की कडेची माणसं अर्धी होतात. आवाज वेगळ्या माइकवर घेतला (पंखे बंद करून, घामाघूम होत). आता एडिटिंग. सुरुवातीला काय दाखवायचं यावर ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहे. माझं मत पक्कं आहे: आधी माणसाचा चेहरा, लोगो शेवटी.