तुम्ही विचारलेत म्हणून : कामगार तो पट्टा का बांधत नाहीत?

बांधकामावर सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो हे कळले की लोक मला हमखास विचारतात : पडल्याची सूचना देणारे हेल्मेट, नाडीचे ठोके मोजणारा मनगटी पट्टा, हूक अडकवला नसेल तर वाजणारा सेफ्टी बेल्ट, हे सगळे मिळू लागले असताना कामगार ते वापरत का नाहीत? या प्रश्नात दोष कामगाराचा धरलेला असतो आणि ते मला मान्य नाही.

एका कामावर आम्ही सळई बांधणाऱ्या टोळीला पडल्याचीही सूचना देणारे मनगटी पट्टे दिले होते. मे महिना होता. पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठे आणि तारेला पीळ देताना हात अवघडे. तरीही पहिले पंधरा दिवस बहुतेकांनी ते बांधले. मग पगाराच्या दिवशी, पट्ट्यातल्या नोंदी पाहून, सावलीत जास्त वेळ बसल्याबद्दल ठेकेदाराने तिघांची अर्धी हजेरी कापली. दुसऱ्या दिवशी सगळे पट्टे मुकादमाच्या टेबलाशी एका घमेल्यात पडलेले होते. ठोके वाढले तर सावलीत बसा, असे तोच पट्टा त्यांना सांगत होता, हे आठवले की मला आजही चीड येते.

बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ साली झालेल्या केंद्रीय नियमांत हेल्मेट आणि सेफ्टी बेल्टची तरतूद केली गेली, सेन्सरची नाही. त्यामुळे निविदेत त्याचा दर सहसा धरला जात नाही आणि स्लॅब संपताच निघून जाणाऱ्या टोळीवर पोटठेकेदार तो खर्च करत नाही. शिवाय पट्टा चार्ज करायचा तर लेबर कॅम्पच्या खोलीत आठ माणसांत एक प्लग, आणि रात्री तो घरी बोलायच्या मोबाइलला लागतो.

पुढच्या कामावर, नोंदी हजेरीशी जोडणार नाही, असे मी ठेकेदाराकडून लिहून घेतले आणि तो कागद कॅन्टीनबाहेर लावला. पट्ट्यांऐवजी हुकाला सेन्सर असलेले बेल्ट मागवले, कारण एका फिटरने मला विचारले होते, "साहेब, मी पडल्यावर याला कळणार; पडायच्या आधी हे काय करणार?" हे बेल्ट संध्याकाळी स्टोअरमध्ये जमा होतात आणि तिथेच चार्ज होतात. बाहेरच्या कडेला काम करणारे फिटर सकाळी खिडकीशी येऊन ते स्वतःहून मागतात आणि बॅटरी उतरलेला मिळाला, तर बदलून घेतात.