काकोर्तोक आणि १८६९ चे टुरिस्ट

क्रूझचं जहाज लागलं आणि काकोर्तोक दहा मिनिटांत गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखं झालं. ग्रीनलंडमधलं तीनेक हजार वस्तीचं गाव हो हे, आणि त्यात ही एवढी एकसारख्या लाल जॅकेटातली माणसं, जो तो लोकांच्या खिडक्यांचे, दोरीवरच्या कपड्यांचे, खेळणाऱ्या पोरांचे फोटो काढतोय, विचारणं वगैरे काही नाहीच. डोकंच फिरलं माझं.

कोपनहेगन ते नार्सार्सुआक विमान, पुढे बोट, मध्ये धुकं, ते सगळं जाऊदे. मी इथे आलो ते जुन्या फोटोंच्या नादात. विल्यम ब्रॅडफर्ड नावाचा अमेरिकन चित्रकार १८६९ च्या उन्हाळ्यात 'पँथर' ही स्टीमर घेऊन इथे आला होता. गावाचं नाव तेव्हा युलियानेहोब. डॅनिश सरकारी व्यापाराचं ठाणं, सीलची चरबी आणि कातडी त्यांनाच विकायची, दुसऱ्या कुणी येऊन धंदा करायचा नाही. ब्रॅडफर्डबरोबर बोस्टनचे दोन फोटोग्राफर होते, डनमोर आणि क्रिचरसन. १८७३ मध्ये लंडनला त्याचं जाडजूड पुस्तक निघालं, आत १४१ फोटो, आणि पहिल्याच पानावर लिहिलंय की ही सफर निव्वळ कलेसाठी होती. म्हणजे व्यापार नाही, व्हेल नाही, आर्क्टिकमध्ये हरवलेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेचा शोध नाही, फक्त बघायचं आणि फोटो काढायचे! लाल जॅकेटवाल्यांचे पणजोबाच की हे, आणि माझेही.

पण त्यांनी घाम तरी गाळला राव. फोटो तेव्हा काचेवर निघायचे: काचेला कोलोडियन नावाचं चिकट द्रावण लावा, चांदीच्या द्रावणात बुडवा, ओली आहे तोवर फोटो घ्या आणि सुकायच्या आत अंधारात डेव्हलप करा, तेही बर्फात. डोलणाऱ्या डेकवरून असला फोटो हलणारच, त्यामुळे जहाजाचा फोटो हवा तर कॅमेरा घेऊन खाली बर्फावर उतरायचं.

दुसऱ्या दिवशी गेस्टहाऊसवाल्या काकू मला त्यांच्या पुतण्याच्या वाढदिवसाला घेऊन गेल्या. काफेमिक म्हणतात त्याला, दारात बूट काढायचे, कॉफी, पाच-सहा प्रकारचे केक, खायचं आणि पुढच्या पाहुण्याला जागा करून द्यायची. ओळखपाळख नसलेल्या माणसाला कुणी इतकं खाऊ घालत नाही हल्ली. मी मोबाईलवर 'पँथर'चे फोटो दाखवले. जहाजाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, सगळ्यांची बोटं बायकांच्या फोटोंवर. काकू म्हणाल्या, "केसांचा बुचडा बघ. त्याला रिबीन असायची. लग्न नाही झालेलं तर लाल, झालेलं तर निळी, विधवेची काळी."

फोटोत रंग कुठले, पण मला एक माहीत होतं, ते मी सांगितलं: त्या काळच्या काचेला निळं जवळपास पांढरं दिसायचं आणि लाल काळं. म्हणजे फिकट रिबीनवाली लग्न झालेली, इथपर्यंत ठीक, पण गडद रिबीनवाली लग्नाची पोरगी का विधवा हे काच सांगतच नाही! माझ्या हुशारीवर मीच खूश.

काकूंनी फोटो झूम केला, एका गडद रिबीनवालीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, तोंडावरच्या सुरकुत्या दिसत नाहीत का तुला? केक घे अजून."