रिंगण न पाहिलेले वारकरी

आळंदीहून माउलींची पालखी निघाली की रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी असतात. कोणी चहा देतं, कोणी केळी, कोणी राजगिऱ्याचे लाडू. आजीच्या वयाच्या बायकासुद्धा वाकून आमच्या पायांना हात लावतात. चालणाऱ्याला वारीत फार मान मिळतो. मला त्या क्षणी हटकून आमच्या ट्रकवरची माणसं आठवतात, कारण खरं तर ज्यांच्या पायांना हात लावावा ती तेव्हा रस्त्यावर नसतातच. ती पुढच्या मुक्कामाला मेखा ठोकत असतात.

त्यांचा दिवस मी जवळून पाहिला तो तरडगाव ते फलटण या टप्प्यात. लोणंद सोडून चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून माउलींचे अश्व दौडले, आणि त्या रात्री माझ्या तळपायाचे फोड फुटले. दिंडीप्रमुख म्हणाले, "माउली, उद्या ट्रकवर बसा."

अंधारातच तंबू उतरवायला सुरुवात झाली. रात्रभर पाऊस लागलेला. भिजलेलं कापड चौघांनाही आवरत नाही, घडीही नीट बसत नाही. दोन पोरं बॅटरी दातांत धरून मेखा उपटत होती आणि मोजून पोत्यात टाकत होती. दोन-चार मेखा मागे राहिल्या तर पुढच्या गावात तंबूला ताण बसत नाही आणि वारं सुटलं की सगळं उडतं. घाई वेगळीच. पालखी हलायच्या आत ट्रक बाहेर काढावा लागतो, नाहीतर त्या गर्दीत वाहनाला वाट नाही. आमचा टँकरवाला तर रात्री आडवाच झाला नव्हता. पाणी भरायच्या ठिकाणी दिंड्यांच्या टँकरची रांग लागलेली, तो स्टिअरिंगवर डोकं टेकून आपला नंबर यायची वाट बघत होता.

फलटणच्या तळावर चिखल होता. फावड्याने तो बाजूला करून, मुरूम टाकून, आचारी मामांनी भट्टी मांडली. कणीक तिंबणं, कांदा चिरणं, मोठमोठी पातेली चढवणं, पुन्हा तोच तंबू उभा करणं, बायकांच्या आंघोळीसाठी आडोसा बांधणं. संध्याकाळी दिंडी टाळ वाजवत आली तेव्हा तंबू उभा होता, पाणी भरलेलं होतं आणि आमटीला उकळी फुटली होती. चालून आलेल्याला एवढंच दिसतं.

मामा कित्येक वर्षं वारीला येतात. मी त्यांना विचारलं, रिंगण कुठलं आवडतं?

"अश्व मी आळंदीत बघितलाय, उभा असलेला," ते म्हणाले. "पळताना नाही बघितला."

मला पुढे बोलवेना. हे अश्व अंकलीहून, शितोळे सरकारांकडून पायी आळंदीला येतात, लाखो लोक त्यांची दौड पाहायला शेतात उभे राहतात, आणि आम्हाला रोज जेवू घालणाऱ्या माणसाने ती एकदाही पाहिलेली नाही!

माळशिरसच्या मुक्कामी मी हा विषय दिंडीत काढला. दुसऱ्या दिवशी खुडूस फाट्याला गोल रिंगण होतं. आम्ही चौघे ट्रकबरोबर वेळापूरला गेलो आणि मामा, टँकरवाला आणि ती दोन पोरं दिंडीत चालली. विणेकरी बुवांनी मामांना आपल्या शेजारी उभं केलं. संध्याकाळी मामा आले ते कपाळाला टापांखालची माती लावून. काही बोलले नाहीत. सरळ भट्टीपाशी गेले, पातेल्यात डाव घातला आणि विचारलं, "मीठ पडलंय का?"

आणखी एक काम आहे, ज्याविषयी वारीत कोणी कीर्तनात बोलत नाही. एवढ्या माणसांचा मुक्काम हलला की मागे पत्रावळ्या, द्रोण, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि मैला उरतो. आता तळावर फिरती शौचालयं उभी राहतात, त्यामुळे बायकांचे हाल पुष्कळ कमी झाले. पण ती उपसतं कोण? पालखी पुढे गेल्यावर त्या गावाच्या सफाई कामगारांचा दिवस सुरू होतो. पंढरपुरात द्वादशीला आम्ही परतीच्या एसटीची चौकशी करत होतो, तेव्हा पासष्ट एकराच्या तळावर बायका खराटे घेऊन ओळीने पुढे सरकत होत्या. गाडगेबाबांनी याच गावात हातात खराटा धरला होता. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. या बायकांना तोंडाला बांधायला धड फडकं नव्हतं, हे पाहून मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

देवळासमोर नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. ते साल 1338 सांगतात. संत म्हणून आपण त्यांच्यापुढे माथा टेकतो, पण मरण आलं ते भिंत बांधणाऱ्या मजुराचं. सोबत गाडल्या गेलेल्या बाकीच्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. यंदा मी तिथे बराच वेळ उभा राहिलो आणि त्या बाकीच्यांसाठीही हात जोडले.

परतण्याआधी दिंडीची बैठक झाली. भिशीचा, म्हणजे दिंडीच्या वर्गणीचा, हिशेब झाल्यावर असं ठरलं, की पुढच्या वर्षापासून प्रत्येक रिंगणाला चालणाऱ्यांपैकी चौघे ट्रकबरोबर जातील आणि ट्रकवरची माणसं दिंडीत चालतील. मुक्कामानंतर तळ झाडूनच निघायचं आणि त्यासाठी हातमोजे, फावडी भिशीतूनच घ्यायची. वहीत लगेच नावं पडली, भांडी घासायलासुद्धा. मामांनी एकच अट घातली: ते रिंगणाला गेले तरी आमटीचा मसाला आदल्या रात्री तेच काढून ठेवणार.