मधल्या सुट्टीतली तोटी

परवा दुपारी स्टेशनरीच्या दुकानात एक बाई मुलासाठी स्टीलची बाटली बघत होत्या, किंमत ऐकून मीच दोन पावलं मागे सरकलो. आमच्या वेळी वॉटर बॅग पहिलीपुरती, गळ्यात अडकवलेली, प्लास्टिकचा वास मारणारी. दुसरीत गेल्यावर ती नेली की पोरं चिडवायची. पाणी काय, शाळेत होतंच की.

टाकीला चार तोट्या, त्यातली एक कायम बंद आणि एक नुसतीच गोल गोल फिरायची. डब्यात पोळी आणि लोणचं, त्यामुळे दोन घासांनंतर पळायलाच लागायचं. ओंजळ तोंडाला लावायची, पाणी कोपरावरून ओघळत पार बाहीत, मागचा ढकलणार, पुढच्याच्या नाकात पाणी, तेवढ्यात कोणीतरी शहाणा अंगठा दाबून फवारा उडवणार. तिथेच डबे विसळायचे म्हणून खालच्या मोरीत कायम शितं नि मटकी. मार्चनंतर पाणी एवढं तापायचं की त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी. तरी प्यायचो. मला अजूनही बाटलीनं तहान भागत नाही, बेसिनच्या नळाला ओंजळ लावतो आणि बायको ओरडते.

हल्ली बाटली भरलेलीच घरी परत येते म्हणे, म्हणून 2019 मध्ये केरळातल्या शाळांनी पाणी प्यायची वेगळी घंटा सुरू केली. अमेरिकेत तर 2010 साली कायदाच केला, शाळेत मुलं जेवतात तिथे पाणी फुकट मिळालंच पाहिजे. मला हसूच आलं, पाण्याला कसला आलाय कायदा! पण आपल्याही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सगळ्या मुलांना पिण्याचं पाणी हे लिहिलेलंच आहे.

आणि लिहायलाच हवं होतं. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातलं, तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. शाळेत बाकीच्या पोरांना तहान लागली की गुरुजींना विचारायचं आणि नळ सोडून प्यायचं. यांना नळाला हात लावायची बंदी, गुरुजींनी हो म्हणूनही भागायचं नाही, शिपायानं येऊन नळ सोडायला हवा. शिपाई नाही तर पाणी नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. 1927 चं महाडचं तळं सगळ्यांना माहीत असतं, हा नळ फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही.

आमच्या वर्गात वस्तीवरची दोन पोरं होती. पाराच्या टोकाला बसून डबा खायची, ते डोळ्यासमोर आहे. पाणी कुठे प्यायची, काही केल्या आठवेना. शेवटी वर्गातल्या एका मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "अरे सोड ना, कशाला आता ते," आणि पोरीच्या ॲडमिशनचं बोलायला लागला.