४२९४९६७२९७ आणि माझी दोन शून्यं

काल रात्री झोप येईना, म्हणून पाठकोऱ्या कागदावर ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भागायला घेतलं. कॅल्क्युलेटर मुद्दामच लांब ठेवला.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा, त्याच्या रांगेत (२ चा १, २, ४, ८, १६, ३२ वा घात, प्रत्येकात अधिक १) आधी ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात, पाचही मूळसंख्या. पुढच्याही सगळ्या तशाच असणार, असं फर्माला वाटलं. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने दाखवलं की ही सहावी मूळ नाही, ६४१ ने तिला पूर्ण भाग जातो.

तो आंधळेपणाने भागत सुटला नव्हता. हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच बनतो, हे त्याने पुढे सिद्धही केलं. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्यालाच मासा गळाला!

माझा भागाकार मात्र ६७४१७ आला. अब्जातल्या संख्येला इतका छोटा? परत पाहिलं. ४४८९ मधून ४४८७ गेले, बाकी २. वरून ६ घेतला, २६. भाग जात नाही. ७ घेतला, २६७, तरी नाही. ही दोन्ही शून्यं मी खाल्ली होती. खरं उत्तर ६७००४१७. शेवटी पुन्हा ४४८७ च समोर आले आणि बाकी शून्य.

ऑयलरला जाऊ दे, मला तिसरीतला भागाकार येत नाही. आणि हो, ६७००४१७ ही स्वतः मूळसंख्या आहे. ते मात्र मी हाताने तपासणार नाही.