आवाज बंद करून पाहिलेली डिबेट

"वीस मिनिटांनी मी आवाज बंद केला. पुढे नुसता चेहरा बघत बसले."

शेजारच्या आजी आज सकाळी कचऱ्याचा डबा आत नेताना एवढंच म्हणाल्या. पेन्सिल्वेनियातल्या, जन्मभर डेमोक्रॅट. काल, २७ जून २०२४ ला, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी बायडन-ट्रम्प डिबेट होती.

अटलांटाच्या स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद. पण पडदा दोन भागांत, त्यामुळे न बोलणाऱ्याचा चेहराही सतत समोर. ट्रम्प बोलत होते आणि बाजूच्या चौकटीत बायडन, तोंड किंचित उघडं, नजर हरवलेली.

"माझा नवरा शेवटच्या वर्षात असाच बघायचा," आजी म्हणाल्या आणि डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं.

याच आजींना इन्सुलिन लागतं. मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यात, त्याला महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा २०२३ पासून आली, ती बायडन यांनी सही केलेल्या कायद्यामुळे. हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. आज त्याचा उल्लेखही नाही.

मला त्यांना दोष देववत नाही. आपलं माणूस असं विझताना पाहिलेल्या बाईला आकडे कसे ऐकू येणार? पण बायडन यांनी २०२० मध्ये हे राज्य सुमारे ८० हजार मतांनीच जिंकलं होतं, आणि अशा आजी इथे गल्लोगल्ली आहेत.

मला इथे मत नाही. तरी दिवसभर तोच चेहरा डोळ्यांसमोर आहे, आजींचा.

तुमच्या शेजारी काय बोलत होते आज?